धूर कधी येतो?

सकाळी ७.४५

थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. म्हणून धुराची तक्रार असलेली जुनी गाडी मी आदल्या संध्याकाळीच गॅरेजात लावून घेतो आणि रात्री तिला कुणी चावी लावायची नाही असं बजावून ठेवतो. गॅरेज कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. शेजारची लेथ आणि ग्राइंडर एकदा सुरू झाले की इंजिनाचे बारीकसारीक आवाज कानापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे त्याच्या आत शटर वर करावं लागतं.

आजची गाडी २००६ ची मारुती एस्टीम. १२९८ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं पेट्रोल इंजिन. नीट सांभाळलं तर फार काळ साथ देणारं. मालक निवृत्त शिक्षक आहेत. पाचशे किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल ओतावं लागतं, मागून निळा धूर येतो, ही तक्रार. दुसऱ्या एका गॅरेजात त्यांना रिंगा गेल्याचं सांगितलं, इंजिन उतरवायचा सल्ला दिला आणि चाळीस हजारांचा अंदाज हातात ठेवला. पुढच्या महिन्यात नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण आहे आणि पीयूसीत गाडी नापास झाली आहे. गाडी भंगारात द्यावी का, असं सरांनी काल विचारलं तेव्हा त्यांचा हात बॉनेटवर होता.

पोराला सायलेन्सरमागे उभं केलं आणि चावी फिरवली.

“काय दिसायलंय?”

“पांढरी वाफ हाय अण्णा. थंडीची.”

“निळं?”

“न्हाई.”

ही दिवसातली पहिली नोंद, आणि मोलाची. व्हॉल्व्हच्या दांड्यावरची सीलं कडक झाली असती तर रात्रभरात ऑइल झिरपून सिलिंडरात उतरलं असतं आणि सेल मारताच निळा लोट बाहेर पडला असता. रिंगा झिजल्या असतील तर धूर येतो तो इंजिनावर भार पडल्यावर, म्हणजे चढावर, भरल्या गाडीत, जोरात रेस दिल्यावर. आणि गाडी बराच वेळ जागेवर चालू राहिली किंवा ॲक्सिलरेटर सोडून घाट उतरली आणि त्यानंतर पाय दिला की धूर येत असेल, तर ऑइल तिसऱ्याच वाटेनं आत जात असण्याची शक्यता मोठी. धुराचा रंग सगळे बघतात. वेळ विचारणारे फार थोडे आणि निदान तर वेळेवरच ठरतं.

८.३०

इंजिन गरम झालं, पंखा एकदा फिरून थांबला. आता आयडल आठशेच्या आसपास यायला हवं. काटा अकराशेवर. टॅपेट कव्हरजवळ कान नेला तर बारीक शिट्टी. कव्हरवरून इनटेक मॅनिफोल्डकडे जाणारा रबरी पाइप पकडीनं, मध्ये कापड ठेवून, हळूच दाबला. शिट्टी बंद झाली, आयडल खाली आलं. पाइप सोडला, पुन्हा शिट्टी.

मग गाडी तशीच जागेवर चालू ठेवली, चहा होईपर्यंत. त्यानंतर पोरानं एकदम रेस दिली आणि पत्र्याच्या भिंतीसमोर निळा ढग उठला.

९.१५

सर आले, हातात कागदांची फाइल.

“सर, धूर नेमका कधी येतो?”

“येतोच की हो. नेहमीच.”

“तसं नको. घाट चढताना येतो की उतरताना?”

ते जरा थांबले. मुलगी रत्नागिरीला असते, त्यामुळे आंबा घाट त्यांच्या नेहमीच्या वाटेवरचा. “चढताना ही मागं वळून बघते, तेव्हा काही नसतं. उतरून साखरप्याजवळ आलो आणि सपाटीला पाय दिला की मागचे हॉर्न मारतात.”

एवढं ऐकल्यावर इंजिन उतरवायची भाषा मी तरी करणार नाही. सरांना बाकावर बसवलं आणि मॅनिफोल्ड, टॅपेट कव्हर, पाइप सगळं दाखवून सांगितलं. गिऱ्हाइकाला समजावून सांगण्यात जातो तो वेळ मी कामातच धरतो.

कितीही चांगलं इंजिन असलं तरी सिलिंडरातला थोडा गॅस रिंगांच्या कडेनं खाली ऑइलच्या कप्प्यात उतरतोच. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, जळून तयार झालेली पाण्याची वाफ असते, आम्ल असतं. तो तिथंच कोंडला तर ऑइल नासतं, गाळ धरतो आणि दाब वाढून सीलं ऑइल सोडायला लागतात. म्हणून त्याला वाट हवी. जुन्या गाड्यांत ती वाट म्हणजे खाली रस्त्याकडे सोडलेली एक नळी होती. चालत्या गाडीच्या वाऱ्यानं गॅस ओढला जायचा आणि तेलकट धूर उघड्यावर. पुढं ही नळी बंद करून गॅस पुन्हा इनटेकमध्ये नेऊन जाळायची पद्धत आली. त्या वाटेवरचा पहारेकरी म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह.

आत एक छोटी सुई आणि एक स्प्रिंग, बाकी काही नाही. पण काम हुशारीचं आहे. आयडलला इंजिनाचं ओढणं सगळ्यात जास्त आणि खालून येणारा गॅस कमी. तेव्हा ती ओढच सुईला स्प्रिंगविरुद्ध खेचून वाट अरुंद करते. गाडी वेगात, भारावर असली की ओढ कमी होते, स्प्रिंग सुईला मागं ढकलते, वाट रुंद होते आणि जास्तीचा गॅस निघून जातो. इनटेकमध्ये उलटा भडका उडालाच, तर सुई उलट्या बाजूला बसून वाट पूर्ण बंद करते, म्हणजे आग ऑइलच्या कप्प्यात शिरत नाही. विजेची तार नाही, सेन्सर नाही, आणि गाडी चालू असते तितका वेळ हे अखंड चाललेलं असतं.

“मग आमचा बंद पडलाय?” सरांनी विचारलं.

“बंद नाही, सताड उघडा राहिलाय असं वाटतंय. उघडून बघतो.”

१०.३०

वाटण्यावर विसंबून काम करायचं नसतं. रिंगांचा संशय दुसऱ्यानं बोलून दाखवला आहे, तर तो तपासूनच बाजूला ठेवायला हवा. गरम इंजिनाचे चारही प्लग काढले, इंजेक्टरचे कनेक्टर सोडले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारत एकेका सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावला. १८०, १७८, १८२, १७५. नव्या इंजिनाला दोनशेच्या जवळ पाउंड दाब मिळतो. १७० च्या खाली गेलं किंवा एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार मागं पडला तर काळजी करायची. वीस वर्षांच्या इंजिनाला हे आकडे शोभतात.

प्लगही बोलतात. चारही प्लगवर काळं ओलसर किटण, जवळपास सारखंच. रिंग एका सिलिंडरची गेली तर प्लगही एकच तेलकट दिसतो. चारही सारखे भिजलेत म्हणजे ऑइल चौघांच्या सामायिक वाटेनं येत असणार, आणि इथं ती वाट इनटेकची. आकडे आणि प्लग दोन्ही सरांना दाखवले. सर गाडी ठेवून घरी गेले. जाताना फाइल मात्र काखेत घट्ट.

मधल्या वेळात एका वॅगन आरची क्लच केबल बदलली.

११.२०

व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरवर रबरी ग्रोमेटमध्ये दाबून बसवलेला असतो. पाइपची क्लिप मागं सरकवली, पाइप फिरवून सैल केला. वरून खेचायचा नाही, आधी फिरवायचा. वीस वर्षं उन्हातेलात शिजलेला रबर खेचला की फाटतो. पाइपच्या आत ऑइल निथळत होतं. ओलसरपणा इथं चालतो, निथळणं चालत नाही.

व्हॉल्व्ह हातात आला. पोरानं कानाशी नेऊन हलवला. “खडखडायलाय की अण्णा. चांगलाय मग.”

बहुतेकजण इथंच फसतात. हलवल्यावर आवाज आला नाही तर सुई अडकली हे नक्की. पण आवाज आला म्हणजे सुई नीट बसते असं कुठं ठरतं? सैल झालेली सुई तर जास्तच खडखडते. व्हॉल्व्हला स्वच्छ नळी लावली आणि पोराला फुंकायला सांगितलं. नुसतं फुंकायचं, आत ओढायचं चुकूनही नाही. त्यातली वाफ पोटात जाण्याजोगी नसते. टॅपेट कव्हरच्या बाजूनं फुंकलं की हवा सहज जायला हवी, मॅनिफोल्डच्या बाजूनं फुंकलं की गाल फुगले तरी जेमतेम जायला हवी. ह्याच्यातून दोन्हीकडून सारखीच जात होती.

मग ट्यूबलाइटखाली धरून, भिंग लावून बघितलं. सुईच्या निमुळत्या भागावर एका बाजूला झिजून पायरी पडलेली. जिथं टेकते तिथं कडा लांबट झालेली, गोल राहिलेली नाही. स्प्रिंगवर तपकिरी लाखेसारखा थर, आणि काडीनं दाबलं तर ती पूर्ण परत येत नव्हती. सुई तिरकी बसत होती. म्हणजे आयडलला, घाट उतरताना, ओढ सगळ्यात जास्त असते नेमकी तेव्हा वाट अरुंदच होत नव्हती आणि इंजिन टॅपेटखालचे ऑइलचे थेंब गॅसबरोबर ओढून घेत होतं. सरांचा साखरपा, सकाळची शिट्टी, अकराशेचं आयडल, सगळ्याचा उलगडा त्या एका पायरीत.

पोरानं भिंगातून बराच वेळ बघितलं. कुणी घाई केली नाही.

१२.१५

स्पेअरपार्टच्या दुकानात. काउंटरवरच्या मुलानं आधी दुसऱ्याच गाडीचा व्हॉल्व्ह पुढं सरकवला. “सेम बसतोय बघा दादा.” बसेलही. बाहेरची तोटी आणि जाडी सारखी असली म्हणून आतली स्प्रिंग सारखी नसते. कुठल्या ओढीला किती हवा सोडायची हे त्या त्या इंजिनासाठी ठरलेलं असतं. नुसता मापाचा व्हॉल्व्ह घातला तर आपण एक दोष काढून दुसरा घालतो. शिवाय असा दोष नंतर कुणाला सापडत नाही, कारण नवा पार्ट म्हणून त्याच्याकडं कुणी बघत नाही. इंजिनाचा प्रकार सांगून पार्ट नंबर जुळवून घेतला. सोबत नवं ग्रोमेट, टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि कंपनीचाच आकार दिलेला पाइप. मीटरवर मिळणारा साधा पाइप वळणावर दबतो आणि ऑइलच्या वाफेनं फुगतो.

व्हॉल्व्हचे पैसे दिल्यावर पाचशेच्या नोटेतून सुटे परत आले. चाळीस हजारांच्या अंदाजाशेजारी हे सुटे ठेवून बघावेत असं मला मनापासून वाटतं. लोकांची गाडी म्हणजे त्यांची साठवलेली कमाई असते, आणि इंजिन उतरवण्याआधी पाचशेच्या आतला पार्ट तपासणं हे आमच्या धंद्याचं पहिलं कर्तव्य आहे.

१.३०

भाकरी, पिठलं, खर्डा. पाठ टेकायला मिळाली नाही. बोलेरोवाला ब्रेक दाखवायला आला होता.

२.१५

बसवायला खरं तर पाच मिनिटं पुरतात. पण जुनं ग्रोमेट दगड झालेलं. स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं की तुकडे होतात आणि तुकडे खाली कॅमशाफ्टवर पडतात, तिथून ऑइलच्या वाटेनं कुठंही जाऊ शकतात. म्हणून मी टॅपेट कव्हरच उतरवतो. पॅकिंग आणलेलंच असतं.

कव्हर उलटं केलं तर आतल्या पत्र्यामागं काळा गाळ. हा पत्रा फार महत्त्वाचा. वर जाणाऱ्या गॅसला तो वळणं घ्यायला लावतो, त्यात ऑइलचे थेंब गळून खाली पडतात आणि नुसता गॅस व्हॉल्व्हपर्यंत पोचतो. इथं गाळ साचला की नवा व्हॉल्व्हही ऑइलच ओढणार. रॉकेलमध्ये भिजवून, ब्रशनं, मग हवेनं, पुन्हा रॉकेल, पुन्हा हवा. पोराचा धीर सुटत आला तेव्हा पाणी ओतून दाखवलं. पलीकडच्या भोकातून सरळ धार आली तेव्हाच कव्हर वाळवायला ठेवलं.

कॅमशाफ्टची बाजू मात्र स्वच्छ निघाली. सर वेळेवर ऑइल बदलतात हे दिसत होतं. छोट्या फेऱ्यांच्या गाड्यांत, विशेषतः आपल्या पावसाळ्यात, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय धरते. इंजिन पुरतं तापतच नाही, वाफ आत थिजते आणि ऑइलमध्ये मिसळते. तेही इथं नव्हतं.

थ्रॉटल बॉडी उघडून पुसली, मॅनिफोल्डच्या तोंडाशी साचलेलं ऑइल कापडानं जेवढं हात पोचला तेवढं टिपलं. एअर क्लीनरकडून येणारा ताज्या हवेचा दुसरा पाइपही धुतला; एक वाट साफ करून दुसरी तुंबलेली ठेवली तर हवा फिरणार कशी? पॅकिंग, कव्हर, बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे. नवं ग्रोमेट बोटानं ऑइल लावून बसवलं, त्यात व्हॉल्व्ह दाबला, पाइप, क्लिपा. प्लग साफ करून लावले. नवं ऑइल, नवा फिल्टर.

सेल मारला. काटा हजारावर गेला, उतरला आणि आठशेच्या जरा वर स्थिरावला. आयडल बघायचं ते पीसीव्ही साफ असल्याची खात्री झाल्यावर, हे वस्तादांनी मला शिकवलं होतं. त्यांचे हात जुन्या पेट्रोल जीपवर तयार झालेले. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपलाही मॅनिफोल्डवर असाच व्हॉल्व्ह होता, त्यामुळे त्यांना ह्या पार्टचं महत्त्व कुणी वेगळं सांगावं लागलं नाही.

४.००

जागेवरची चाचणी अर्धीच असते. गाडी जोतिबाच्या डोंगराकडं काढली. आडवा वार, रस्ता मोकळा. पोरगा मागच्या सीटवर उलटा बसून काचेतून बघत.

चढताना धूर नाही. वर गाडी वळवली, तिसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला. अशा उतारावर इंजिनाची ओढ कमाल असते. व्हॉल्व्हची परीक्षा ह्याहून कडक दुसरी नाही. पायथ्याशी सपाटी आली आणि पाय दाबला.

“आला अण्णा! थोडा.”

फिकट, पण निळा. मन जरा खट्टू झालं, तरी मॅनिफोल्डच्या खोल भागात आणि सायलेन्सरात जुनं ऑइल राहिलेलं असतं, ते जळून जायला वेळ लागतो. गाडी परत वर नेली, तशीच उतरवली. ह्या वेळी पोरगा काहीच बोलला नाही. “काय रं?” विचारलं तर म्हणाला, “दिसंल तवा बोलतो की.” त्याला धूर दिसलाच नाही.

५.३०

पीयूसी केंद्रावर पुढं दोन रिक्षा. थांबलो असताना पोरानं विचारलं की हा व्हॉल्व्ह काढला कुणी. एका माणसाचं नाव घेता येणार नाही, पण तो सगळ्या गाड्यांना का लागला ते सांगता येतं. लॉस एंजेलिसवर दाट, डोळे चुरचुरवणारं धुरकं धरायचं. गाड्यांतून सुटलेलं न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र येऊन ते तयार होतं, हे आरी हागेन-स्मिट ह्या रसायनशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात दाखवून दिलं. ते न जळलेलं इंधन नुसतं सायलेन्सरातून येत नव्हतं. त्याचा चांगला मोठा हिस्सा त्या खाली सोडलेल्या नळीतून येत होता. म्हणून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या १९६१ च्या गाड्यांना आणि १९६३ पासून सगळ्या अमेरिकेतल्या नव्या गाड्यांना हा व्हॉल्व्ह लागला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिकडं १९७५ च्या गाड्यांना आला, आपल्याकडं चार महानगरांत १९९५ ला. गाडीच्या धुरावरचा पहिला इलाज ही सुई आणि स्प्रिंग आहे.

आणि कन्व्हर्टरचं आयुष्यही ह्याच्यावर टेकलेलं असतं. ऑइलमधला फॉस्फरस जळून त्याच्या जाळीवर बसत राहिला की कन्व्हर्टर हळूहळू मरतो, आणि तो पार्ट खरोखर महाग.

आमचा नंबर आला. ह्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्यांच्या आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमच्या आत हवं. आधीच्या नापास चिठ्ठीवर हायड्रोकार्बन ९४० होतं. आता ३१०, आणि कार्बन मोनॉक्साइड ०.३८. पास.

६.१५

सरांनी सर्टिफिकेट दोनदा वाचलं आणि फाइलमध्ये सगळ्यात वर लावलं. जुना व्हॉल्व्ह, भिंग आणि कॉम्प्रेशनचे आकडे लिहिलेला कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी भिंगातून पायरी बघितली आणि व्हॉल्व्ह रुमालात बांधून घेतला. म्हणाले, नातवाला दाखवतो.

त्यांना खोटी आशा द्यायची नव्हती. वीस वर्षांचं इंजिन आहे, थोडं ऑइल ते पिणारच. सपाट जागी, थंड इंजिनावर, दर रविवारी डिपस्टिक बघायची आणि वहीत लिहायचं. हजार किलोमीटरनंतर वही घेऊन यायचं. तेव्हाही ऑइल झपाट्यानं उतरत असेल तर व्हॉल्व्ह सीलं बघू, आणि ती हेड न उतरवताही बदलता येतात. रिंगांचा विचार त्याच्याही नंतर.

“उद्या रत्नागिरीला जाऊ का?”

“जा की. घाट उतरल्यावर वहिनींना मागं बघायला सांगा, आणि मला फोन करा.”

७.००

शटर ओढताना फोन आला. कळ्याचा झेनवाला. त्याच्या गाडीत डिपस्टिक आपोआप वर येते, इंजिनभर ऑइल उडतं, एअर फिल्टर तेलानं भिजलाय. कुणीतरी सांगितल्यावरून त्यानं डिपस्टिक तारेनं घट्ट बांधून टाकली होती.

“तार आधी सोड गा. आतला दाब कोंडलाय, तो तिथनं न्हाई निघाला तर ऑइल सील फोडून निघंल. हळू घेऊन ये, रेस मारू नको. आणि येताना रिंगा-बिंगा काय कुणाला विचारत बसू नको.”

हा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला नाही, तुंबलेला आहे. पोरानं फळ्यावर उद्याच्या कामात लिहून घेतलं: झेन, पीसीव्ही, ग्रोमेट, दोन्ही पाइप, रॉकेल आणणे.